एका डीपीवर दोन मोटरी: गाडीत दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे तर

एका डीपीवर (शेतीच्या ट्रान्सफॉर्मरवर) पेलवतील त्यापेक्षा जास्त मोटरी चढल्या की काय होतं, ते विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. व्होल्टेज बसतो, मोटर नुसती गुणगुणते, आणि वाइंडिंग जळाली की दोष मोटरीला. गाडीत दुसरा अ‍ॅम्प बसवला की तीच गत. पहिला नीट वाजत होता. दुसरा लावल्यापासून बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मिचमिचतात, गाडी रेस केली की स्पीकरमधून शिट्टी येते, अर्ध्या तासानं अ‍ॅम्प आपोआप बंद पडतो. अ‍ॅम्प बदलून फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळा खोट अ‍ॅम्पमध्ये नसतेच. ती त्याच्यापर्यंत करंट नेणाऱ्या तारेत असते, नाहीतर परत आणणाऱ्या अर्थिंगमध्ये. म्हणून इथं आवाजापेक्षा तारेबद्दलच जास्त बोलणं आहे.

उदाहरणाला गावोगाव दिसणारी जोडणी घेऊ. गाडी बोलेरो. चार स्पीकरसाठी फोर-चॅनल अ‍ॅम्प, क्लास एबी, ४ ओहमवर चॅनलमागे ७५ वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद. मागच्या वूफरसाठी मोनो अ‍ॅम्प, क्लास डी, २ ओहमवर ५०० वॅट आरएमएस. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच.

आधी अँपिअर मोजा

खोक्यावरचे ‘३००० वॅट’ विसरा. हिशोब आरएमएसचा करायचा, आणि दुकानदार सांगतो तो आरएमएस खरा की खोटा, हे अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज सांगतो. २० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर अ‍ॅम्प सतत घेऊन घेऊन ४० अँपिअर घेणार. ४० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ५५२ वॅट आत. त्यातलेही काही उष्णतेत जाणार. मग बाहेर ३००० कुठून येतील?

क्लास एबी अ‍ॅम्प आत घेतलेल्या विजेतली साधारण ५५ टक्के स्पीकरला देतो, क्लास डी साधारण ८० टक्के. म्हणून फोर-चॅनलला ३०० भागिले ०.५५, म्हणजे ५४५ वॅट, १३.८ व्होल्टला ४० अँपिअर. मोनोला ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ वॅट, ४५ अँपिअर. दोन्ही मिळून ८५. तार आणि फ्यूज या आकड्यावर ठरतात.

आल्टरनेटरवर मात्र सतत ८५ चा भार येत नाही. गाणं चढतं-उतरतं, सरासरी तिसरा हिस्सा धरला तर चालतं. वरातीतली ढोल-बेसची गाणी असतील तर निम्मा धरा. आल्टरनेटरच्या अंगावर त्याचे अँपिअर लिहिलेले असतात. त्यातून रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि इंजिनची स्वतःची गरज वजा करा, उरेल ते तुमचं. आणि तो लिहिलेला आकडाही इंजिन फिरतं असतानाचा. आयडलवर त्याच्या बराच खाली येतो. मांडवापुढं गाडी उभी, इंजिन आयडलवर आणि आवाज फुल, असं दोन तास चाललं तर बाकीचं बॅटरीतून जाणार आणि परतीला सेल्फ घेणार नाही.

बॅटरीही आधीच तपासा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. सकाळी १२.२ च्या खाली असेल तर अ‍ॅम्पचे पैसे तूर्त खिशात ठेवा.

तार

मेन तार बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत वळणं धरून साधारण ५ मीटर लागते. ८५ अँपिअरला शुद्ध तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएम तारेत जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो, २५ मध्ये ०.३, आणि ३५ मध्ये ०.२. इथं २५ घ्या. पुढं मोठा अ‍ॅम्प बसवायचा बेत असेल तर आत्ताच ३५. गेजमध्ये बोलणाऱ्या दुकानात ४ गेज म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम. पण पुष्कळ स्वस्त किटमध्ये ४ गेज छापलेलं असतं ते जाड प्लास्टिकच्या जोरावर; आत तार छापल्यापेक्षा बरीच बारीक निघते.

दुसरी फसगत तांब्याची. स्वस्त किटमधली बरीच तार अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा मुलामा. तीच २५ ची जाडी असली तरी व्होल्टेज दीडपटीहून जास्त पडतो. ओळखायला एक पातळ तंतू ब्लेडनं खरवडा. आत पांढरा निघाला तर अ‍ॅल्युमिनियम. मग लायटरवर धरा: तांब्याचा तंतू लालबुंद होऊनही तग धरतो, अ‍ॅल्युमिनियमचा वितळून गळतो.

तालुक्याला कार ऑडिओची तार मिळत नसेल तर वेल्डिंग केबल उत्तम चालते. तिचे तंतू बारीक, वळायला मऊ, आणि हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. मात्र वेल्डिंग केबलही अ‍ॅल्युमिनियमची येते, तेव्हा ब्लेडची परीक्षा तिलाही. सबमर्सिबलची उरलेली चपटी तीन-कोअर केबल मात्र लावू नका. घरात पडून असते म्हणून ती सर्रास ओढली जाते, पण तिची एक कोअर बहुतेक वेळा २.५ किंवा ४ स्क्वेअर एमएमचीच असते.

तारेच्या टोकांना तांब्याचे लग (बोल्टमध्ये अडकवायची भोकाची टोकं) लावा. लगवर ‘२५-८’ असं खोदलेलं असतं: २५ ची तार, ८ एमएमचा बोल्ट. ते पक्कडनं चेपून किंवा हातोडीनं ठोकून काम होत नाही. तार आत सैल राहते, तिथं तापते, मग प्लास्टिक वितळतं. मोटरपंपाचे पॅनल बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे लग दाबायचं मोठं यंत्र असतं. चार लग दाबून द्यायला तो फारसं काही घेत नाही. दाबल्यावर लग हातानं जोरात ओढून पाहा, वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा.

फ्यूज कुठं, किती

मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून तारेच्या मापानं ४५ सेंटीमीटरच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नाही, तारेसाठी आहे. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) जाताना तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीचे शेकडो अँपिअर तिच्यातून जाऊन ती पेटेल. फ्यूज बॅटरीजवळ असेल तरच वाचवेल. मागं अ‍ॅम्पजवळ लावलेला फ्यूज या आगीत नुसता बघत बसतो. आपल्या जोडणीला १०० अँपिअरचा एएनएल फ्यूज घाला. घरातला एमसीबी इथं नको. तो एसी करंटसाठी बनलेला असतो आणि गाडीच्या धक्क्यांनी सैल होतो.

मेन तार मागं आणून फ्यूज असलेल्या डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकमध्ये घाला आणि तिथून दोन फाटे काढा: फोर-चॅनलला १० स्क्वेअर एमएम आणि ५० अँपिअरचा फ्यूज, मोनोला १६ स्क्वेअर एमएम आणि ६० चा. अ‍ॅम्पमध्ये स्वतःचा फ्यूज असला तरी ब्लॉकवरचा लागतोच, कारण ब्लॉकपुढची तार बारीक झाली आणि बॅटरीजवळचा १०० चा फ्यूज तिला वाचवू शकत नाही. पहिल्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलमध्ये दुसऱ्याची तार कोंबून पुढं नेणं हा प्रकार टाळा. तो स्क्रू दोन तारांसाठी नसतो.

अर्थिंग: बोलेरोवाल्यांनी इथं थांबून वाचा

सगळ्यात जास्त बिघाड इथंच होतात. अ‍ॅम्प जितके अँपिअर प्लसनं घेतो तितकेच मायनसनं परत धाडतो, म्हणून अर्थची तार प्लसच्या तारेइतकीच जाड हवी. लांबी ४५ सेंटीमीटरच्या आत. आणि दोन्ही अ‍ॅम्पची अर्थ एकाच बोल्टवर. एक डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला असं केलं की दोन जागांत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो, तो सिग्नल केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि इंजिनच्या आवाजाबरोबर चढणारी शिट्टी होऊन ऐकू येतो.

मारुतीसारख्या छोट्या गाडीत बॉडी हाच सांगाडा, त्यामुळं पत्र्यावर चांगला बोल्ट मिळाला की झालं. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो यांची चेसिस वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली असते. रबरातून करंट जात नाही. बॉडी, चेसिस, इंजिन आणि बॅटरीचा मायनस यांना जोडणाऱ्या पट्ट्या कंपनीनं दिलेल्या असतात, पण त्या गाडीच्या मूळ गरजेपुरत्या, आणि आठ-दहा पावसाळ्यांत चिखलानं गंजून हिरव्या पडतात. म्हणून अशा गाडीत तीन तारा नव्यानं टाका: बॅटरी मायनस ते बॉडी, बॅटरी मायनस ते चेसिस, इंजिन ते चेसिस, तिन्ही २५ स्क्वेअर एमएमच्या. आल्टरनेटर ते बॅटरी प्लस ही चौथी टाकायची तर तिला स्वतःचा फ्यूज हवा, आल्टरनेटरच्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा, बॅटरीच्या बाजूला. गाडी फार जुनी आणि गंजलेली असेल तर सरळ बॅटरीच्या मायनसपासून दुसरी मेन तार मागं आणा. खर्च वाढतो, पण डोकेदुखी मिटते.

अर्थचा बोल्ट बसवताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. रंगावर घट्ट बसवलेला बोल्टही अर्थ देत नाही. ८ एमएमचा बोल्ट, लगखाली दातेरी वॉशर, मागून नट. बसल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात तिथंच गंज धरतो. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. मागं डिझेलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते.

तारा नेण्याची वाट

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, आणि तो सगळं झाल्यावर शेवटी लावा. फायरवॉलमधून तार नेताना रबरी बुश हवाच. बोनेटखाली तारेवर काळा नळीदार कंड्युट चढवा. उष्णतेपासून वाचते आणि उंदरांपासूनही. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर गोठ्यातून गाडीत येतात, आणि त्यांना मऊ आवरणाची तार फार आवडते.

मेन तार एका बाजूनं, सिग्नलच्या, म्हणजे प्लेअरकडून आवाज आणणाऱ्या, आरसीए केबल दुसऱ्या बाजूनं. कुठं ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. स्पीकरच्या तारा १.५ स्क्वेअर एमएमच्या पुरतात, वूफरला २.५ किंवा ४.

सिग्नल आणि रिमोट

डेकला (डॅशबोर्डमधल्या प्लेअरला) मागं आरसीएच्या फ्रंट, रिअर आणि सब अशा तीन जोड्या असतील तर सोपं: पहिल्या दोन फोर-चॅनलला, तिसरी मोनोला. एकच जोडी असेल तर वाय-केबल, किंवा फोर-चॅनलवर लाइन-आउट असेल तर तिथून मोनोला. कंपनीच्या डेकला आरसीए नसतात. तिथं हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या तारांतूनच सिग्नल घेणारं) असलेला अ‍ॅम्प घ्या किंवा मध्ये कन्व्हर्टर लावा. एक गोष्ट कटाक्षानं पाळा: सिस्टीम चालू असताना आरसीए काढू-घालू नका. एका झटक्यात डेकच्या आतली अर्थची बारीक पट्टी किंवा फ्यूज उडतो, आणि मग कायमची शिट्टी लागते.

डेकची निळी-पांढरी रिमोट तार अ‍ॅम्पला ‘जागा हो’ एवढंच सांगते. दोन साधे अ‍ॅम्प तिच्यावर चालून जातात. वर पंखा, एलईडी पट्टी किंवा तिसरा अ‍ॅम्प जोडला की डेकची रिमोट सर्किट जळते. तेव्हा हॉर्नला लावतात तसा १२ व्होल्टचा रिले लावा. पिन ८६ ला डेकची रिमोट तार, ८५ अर्थला, ३० ला ५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, आणि ८७ वरून सगळ्या अ‍ॅम्पचा रिमोट. रिलेच्या कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ यांमध्ये, १एन४००७ डायोड टाका, पट्टीची बाजू ८६ कडे. उलटा लागला तर तो डेकच्या रिमोटलाच शॉर्ट करेल.

रिमोटची तार सरळ बॅटरीला जोडायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. अ‍ॅम्प रात्रंदिवस जागा राहतो, रिकामा असतानाही अर्धा-एक अँपिअर खातो, आणि दोन दिवस उभी राहिलेली गाडी धक्का मारून चालू करावी लागते.

वूफरचे ओहम

मोनो अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतच चालतो असं लिहिलं असेल तर त्याखाली जाऊ नका. ४ ओहमचे दोन सिंगल-कॉइल वूफर पॅरलल जोडले तर २ ओहम, सीरिजमध्ये ८. ४+४ चा एक डबल-कॉइल वूफर पॅरलल केला तरी २. पण ४+४ चे दोन वूफर, चारही कॉइल पॅरलल, म्हणजे १ ओहम. २ ओहमवाला अ‍ॅम्प मेच्या पहिल्याच दुपारी प्रोटेक्टमध्ये जाणार, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडणार. जोडणी झाली की अ‍ॅम्पला लावण्याआधी मीटरनं मोजा. २ ओहमची जोडणी मीटरवर १.६ ते १.९ च्या आसपास दिसते, त्यात चूक नाही. दोन वेगळ्या अ‍ॅम्पचे आउटपुट एकाच कॉइलला कधीही जोडायचे नाहीत. दोन मोनो असतील तर प्रत्येकाचा वूफर वेगळा.

पहिल्यांदा चालू करताना

मेन फ्यूज आणि ब्लॉकवरचे दोन्ही फ्यूज बाहेर ठेवून मायनस जोडा. मीटर कंटिन्यूइटीवर लावून मेन तार आणि बॉडी यांमध्ये बीप येत नाही हे पाहा. मग मेन फ्यूज, मग ब्लॉकवर एकाच अ‍ॅम्पचा फ्यूज. जागा बसत असेल तर पहिल्यांदा १० अँपिअरचाच घाला. काही उलटसुलट असेल तर तो स्वस्तात उडेल. ठीक वाटलं तर खरा फ्यूज, मग दुसरा अ‍ॅम्प.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही

गेन म्हणजे डेकच्या सिग्नलशी जुळवून घ्यायचं बटण. ते फुल फिरवायची सवय हे वूफर जळण्याचं मोठं कारण आहे. सुरुवातीला सगळे गेन शून्यावर, बेस-बूस्ट बंद, डेकचा इक्वलायझर सपाट, फिल्टर बंद, स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पमधून काढलेल्या. मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर ० डेसिबलचा टेस्ट टोन घ्या: मोनोसाठी ५० हर्ट्झ, फोर-चॅनलसाठी ४०० हर्ट्झ. त्याहून वरचा टोन स्वस्त मीटरला नीट मोजता येत नाही. डेकचा आवाज पाऊणावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर, टोकं स्पीकर टर्मिनलवर.

हवा तो व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. मोनोला ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. फोर-चॅनलला ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३. गेन हळूहळू वाढवून तिथं थांबा. स्पीकर स्वतः त्यापेक्षा कमी वॅटचा असेल तर त्याच्या वॅटवर हिशोब करा. मग फिल्टर: फोर-चॅनलला हायपास (खालचा बेस अडवणारा) ८० हर्ट्झ, मोनोला लोपास (वरचा आवाज अडवणारा) ८० हर्ट्झ, आणि पेटीला पोर्ट (हवेचं भोक) असेल तर सबसॉनिक, म्हणजे अगदी खोल बेस अडवणारा, २५ ते ३० हर्ट्झ. दारातल्या छोट्या स्पीकरवर खालचा बेस सोडला नाही तर ते कितीतरी मोठा आवाज सहन करतात. शेवटी वूफर जास्त वाटला तर त्याचा गेन खाली आणा, ३१.६ च्या वर मात्र नाही.

बिघाड कुठं आहे ते मीटरला विचारा

बेस लागला की हेडलाइट मंद होतात, तेव्हा लोक आधी कपॅसिटर आणतात. १ फॅराडचा कपॅसिटर ८५ अँपिअरला १ व्होल्ट उतरायला जेमतेम १२ मिलिसेकंद घेतो. बेसचा एक ठोका त्याहून कितीतरी लांब असतो. त्या पैशात जाड अर्थ येते.

मोजणी अशी करा. इंजिन चालू, जोरात टोन, मीटर डीसी व्होल्टवर. बॅटरीवर १३.६ आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.३ दिसले, तर १.३ व्होल्ट रस्त्यात गळाले. कुठं? मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लसला, समजा ०.३ आलं. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला, तिथं १.० आलं. प्लसची तार निर्दोष, चोर अर्थमध्ये आहे. चांगल्या जोडणीत ही मायनसची बाजू ०.२ च्या आत राहते. मीटरचं टोक बॉडीच्या पत्र्यावर, मग चेसिसवर असं पुढं सरकवत गेलात की नेमका कुठला जोड खातोय तेही कळतं.

शिट्टी येत असेल तर सिस्टीम बंद करून अ‍ॅम्पवरून आरसीए काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर ती डेककडून किंवा केबलमधून येतेय. त्या आरसीएवर चार्जरला न लावलेला मोबाइल जोडा. शांत वाजला तर डेकची अर्थ तपासा. शिट्टी गेलीच नाही तर अ‍ॅम्पच्या अर्थकडे परत या.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर स्पीकरच्या सगळ्या तारा काढा. दिवा गेला तर एखादी तार दाराच्या पत्र्याला टेकलीय किंवा कॉइल गेलीय. दिवा तसाच राहिला तर अ‍ॅम्प दुरुस्तीला. अर्ध्या तासानं बंद पडून गार झाल्यावर परत चालू होत असेल तर ती उष्णता किंवा कमी ओहम.

ऊन, धूळ, चिखल

मेमध्ये विदर्भात पारा ४५ च्या पुढं जातो, उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान त्याहून बरंच जास्त. अ‍ॅम्प वूफरच्या पेटीवर बसवू नका, हादऱ्यांनी आतले टाके सुटतात. मागच्या फळीखाली उलटा लटकवू नका, उष्णता त्याच्याच अंगात परत शिरते. सीटखाली बसवायचा तर १२ एमएम प्लायवर, खाली २ ते ३ सेंटीमीटरचे ठोकळे, चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर मोकळी जागा. ठोकळे उष्णतेपेक्षाही पावसाळ्यासाठी: काळ्या मातीचे पाय आत आले की कार्पेटखाली पाणी दिवसेंदिवस मुरतं, आणि पत्र्यावर टेकलेला अ‍ॅम्प खालून गंजतो. कापसाची ने-आण होणाऱ्या गाडीत अ‍ॅम्पच्या पंख्यात तंतू अडकून गादी बनते. वेचणीच्या दिवसांत महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करा. हवेची नळी मारायची तर पंख्याचं पातं बोटानं धरून.

जोडणी झाल्यावर पंधरा दिवसांनी, पांदणीनं शे-दोनशे किलोमीटर झाले की, बॅटरीचे टोक, ब्लॉकचे स्क्रू आणि अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा. बॅटरीजवळ पाना लावताना मायनस आधी काढा. पाना प्लसवर आणि दुसरं टोक बॉनेटच्या पत्र्याला लागलं तर ठिणगी पाहायला लांब जावं लागत नाही.